डेकवर फुटणारे दगड आणि पृथ्वीचं वडिलोपार्जित हेलियम

१९८५ साली अटलांटिक महासागराच्या मधोमध, साधारण १४ अंश उत्तर अक्षांशावर, एका संशोधन जहाजाने समुद्राच्या तळावरून लोखंडी जाळं ओढत काळे दगड वर आणले. दगड डेकवर ओतले आणि काही वेळात ते फुटायला लागले, कढईत लाह्या फुटतात तसे, तड तड आवाज करत आणि बारीक कपच्या उडवत. कोणी हात लावला नव्हता, खाली आग नव्हती. फक्त साडेतीन किलोमीटर खोल पाण्याच्या दाबाखालून ते उघड्या हवेत आले होते.

भूरसायनशास्त्रात हे दगड खूप प्रसिद्ध आहेत, नावच 'पॉपिंग रॉक' पडलंय. आत लाखो बारीक बुडबुडे, दगडाच्या एकूण आकारमानाचा जवळजवळ सहावा हिस्सा नुसते बुडबुडेच, आणि त्या बुडबुड्यांत दाबून भरलेला वायू, जो थेट पृथ्वीच्या पोटातून आलाय. मला या विषयाचं वेड लागलं ते इथूनच, कारण आपण पृथ्वीच्या आत फार खोल जाऊच शकत नाही, माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक सव्वाबारा किलोमीटरचं आहे, रशियात कोला द्वीपकल्पावर, आणि मँटल (शाळेच्या पुस्तकात 'प्रावरण' म्हणायचे ते) जमिनीखाली साधारण तीस-चाळीस किलोमीटरवर सुरू होऊन २,९०० किलोमीटरपर्यंत जातं. तिथे काय आहे हे सांगायला जे थोडे साक्षीदार वर येतात त्यातला सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे वायू. आणि हा साक्षीदार नीट भेटतो तो समुद्राच्या तळाशीच, जमिनीवर नाही.

का ते आधी बघू. गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलली की फस्सकन बुडबुडे येतात, कारण दाब होता तोवर कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून गप्प बसला होता, दाब गेला की तो बाहेर पडतो. मॅग्माचं अगदी तसंच आहे. खोल मँटलमध्ये दाब इतका की कार्बन डायऑक्साइड, पाणी, गंधक, हेलियम, आर्गॉन सगळं वितळलेल्या दगडात विरघळून असतं. मॅग्मा वर येतो तसा दाब कमी होतो आणि एकेक वायू बाहेर पडायला लागतो. सगळे एकदम नाही बाहेर पडत, कार्बन डायऑक्साइडला मॅग्मात राहायला फार कमी आवडतं म्हणून तो खूप खोलातच बुडबुडे करून वेगळा होतो, पाणी मात्र चिकट, ते शेवटपर्यंत मॅग्मातच राहतं.

आता हा मॅग्मा जमिनीवर बाहेर आला तर वरून दाब किती, फक्त एक वातावरण. सगळा वायू उडून हवेत जातो आणि दगड सावकाश थंड होतो, हाती काहीच उरत नाही. आपल्या सह्याद्रीत हे डोळ्यांनी दिसतं. विहीर खणताना मुरूम लागतो, मग मांजऱ्या लागतो, मग काळा पाषाण. तो मांजऱ्या म्हणजे लाव्हाच्या थरातला बुडबुड्यांचा भाग, जिथून वायू केव्हाच पळून गेलाय आणि नंतर लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट आणि गारगोट्या वाढल्यात. स्फटिक गोळा करणारे लोक जगभरातून पुण्या-नाशिक-जळगावकडच्या खाणीतले जे देखणे खडे शोधत येतात ते मुळात रिकाम्या बुडबुड्यांत बसलेले भाडेकरू आहेत, मूळ मालक वायू तो गेलाच.

समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. साडेतीन किलोमीटरवर साडेतीनशे वातावरणं. एवढ्या दाबाखाली लाव्हा बाहेर पडला तरी वायू सगळा सुटत नाही, आणि बाहेर पाणी दोन अंशांचं, त्यामुळे लाव्हाचा वरचा थर काही सेकंदांत गोठतो, इतक्या झटक्यात की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, सरळ काळी चकचकीत काच होते. एक-दोन सेंटीमीटर जाडीचा हा काचेचा पापुद्रा म्हणजे सीलबंद बाटली. आत विरघळलेला वायू तसाच, बुडबुड्यातला वायूही तसाच. म्हणून मँटलचे वायू शोधणारे लोक समुद्राच्या तळाशी जातात.

(उथळ पाण्यात गोष्ट उलटी होते हेही सांगतो. दाब कमी पडला की मॅग्मातलं पाणीसुद्धा वाफ होऊन सुटतं आणि बाहेरचं समुद्राचं पाणी येऊन मिळतं, मग स्फोट. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ हुंगा ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेचा खांब ५७ किलोमीटरवर गेला आणि जवळजवळ १५ कोटी टन पाणी थेट स्ट्रॅटोस्फिअरमध्ये फेकलं गेलं. खोल समुद्रातला लाव्हा त्या मानाने फार शांतपणे बाहेर येतो, उशीसारखे गोळे होत होत.)

आता मुख्य पात्र, हेलियम.

हेलियमशी आपलं जरा जुनं नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण कोकणापासून आंध्रपर्यंतच्या पट्ट्यातून दिसलं, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन तेव्हा गुंटूरला होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनी सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ तपासली, जी पुढे नव्या मूलद्रव्याची निघाली. विजयदुर्ग किल्ल्यावर अजूनही १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो तो त्या ग्रहणाच्या आठवणीत. पण पृथ्वीवरचं हेलियम विल्यम रॅम्झेंनी वेगळं काढलं ते १८९५ मध्ये, आणि कशातून, तर युरेनियम असलेल्या खनिजातून. हा योगायोग नाहीये, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

हेलियम दोन प्रकारचं असतं. हेलियम-४ आणि हेलियम-३, दुसऱ्यात एक न्यूट्रॉन कमी. हेलियम-४ पृथ्वीच्या आत रोज नवीन तयार होतं, कारण युरेनियम आणि थोरियम किरणोत्सर्गाने मोडतात तेव्हा जे अल्फा कण बाहेर पडतात ते म्हणजेच हेलियम-४. एक युरेनियम-२३८ चा अणू शिसं होईपर्यंत आठ हेलियम-४ देतो, थोरियमचा एक अणू सहा. हेलियम-३ मात्र पृथ्वीच्या आत जवळजवळ तयारच होत नाही. ते विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतलं, सूर्यमाला बनली त्या धूळ-वायूच्या ढगातलं, आणि पृथ्वी जन्मली तेव्हा, ४५० कोटी वर्षांपूर्वी, जेवढं आत अडकलं तेवढंच.

सातबारा बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. हेलियम-३ म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता, हेलियम-४ मध्ये स्वकष्टार्जित भर. वडिलोपार्जित जमीन वाढत नाही, विकली की गेली. स्वकष्टाची रोज थोडी थोडी वाढते. त्यामुळे एखाद्या घराकडे दोन्हींचं प्रमाण किती आहे एवढं कळलं तरी त्या घराने पूर्वजांचं किती राखलं आणि किती विकलं याचा अंदाज येतो. मँटलच्या एखाद्या भागातून वायू सारखा बाहेर पडत राहिला असेल तर तिथलं हेलियम-३ संपत आलेलं असणार, आणि मागे राहिलेलं युरेनियम-थोरियम हेलियम-४ ची भर घालत असणार, म्हणजे प्रमाण कमी. ज्या भागाला फार कोणी हात लावला नाही तिथे प्रमाण जास्त.

आणि हेलियमचा अजून एक गुण, तो परत जात नाही. हवेत आलेलं हेलियम इतकं हलकं की हळूहळू अवकाशात निसटतं, म्हणून हवेत ते दहा लाखात फक्त पाच भाग आहे. कार्बन, पाणी, नायट्रोजन हे बुडणाऱ्या प्लेटबरोबर (पृथ्वीच्या कवचाचे जे मोठे सरकते तुकडे, त्या प्लेट्स) पुन्हा मँटलमध्ये जाऊ शकतात, पण हेलियमची एकच दिशा, आतून बाहेर. त्यामुळे समुद्राच्या तळाशी जे हेलियम-३ जादा दिसतं ते आतूनच आलेलं, यात शंकेला जागा राहत नाही.

मोजमाप हवेच्या तुलनेत करतात. हवेत साधारण सात लाख हेलियम-४ मागे एक हेलियम-३ असतो, त्याला 'एक' म्हणायचं. खंडांचा कवच भाग, म्हणजे जुने ग्रॅनाइट वगैरे, तिथे युरेनियम भरपूर, तिथलं प्रमाण हवेच्या शंभरात दोन-पाच भाग इतकंच येतं. आणि समुद्राच्या तळाशी ज्या मधल्या पर्वतरांगा आहेत, ६५,००० किलोमीटर लांब, जिथे दोन प्लेट्स एकमेकींपासून लांब जातात आणि मधून नवा लाव्हा वर येतो, तिथल्या काचेत प्रमाण येतं हवेच्या आठ पट. अटलांटिक घ्या, पॅसिफिक घ्या, हिंदी महासागर घ्या, थोडं इकडेतिकडे पण आठच्या आसपास. हजारो किलोमीटर अंतर आणि उत्तर एकच, म्हणजे वरच्या मँटलचा हा भाग चांगला घोटलेला, ढवळलेला आहे.

मग लोकांनी हवाईच्या दगडांकडे पाहिलं आणि चित्र पालटलं.

हवाईच्या मोठ्या बेटाच्या आग्नेयेला, किनाऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटरवर, एक ज्वालामुखी अजून पाण्याखालीच आहे. त्याला लोइही म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदलून कामाएहुआकानालोआ केलं, स्थानिक परंपरेतलं नाव. तळापासून तीन किलोमीटरपेक्षा उंच वाढलाय पण माथा अजून समुद्राच्या पातळीखाली ९७५ मीटरवर. इथल्या काचेत हेलियमचं प्रमाण हवेच्या तीसपट आणि त्याहून जास्त मिळालं. आठ नव्हे, तीस. म्हणजे हा मॅग्मा ज्या मँटलमधून येतो ते घर वेगळंच, वडिलोपार्जित बरंच राखून असलेलं. आइसलँडलाही असंच, सामोआलाही, गॅलापागोसलाही. सगळी हॉटस्पॉटची ठिकाणं, जिथे खोलातून गरम दगडाचा खांब, प्लूम म्हणतात तो, वर येतो असं मानलं जातं. कॅनडाच्या उत्तरेला बॅफिन बेटावरच्या सहा कोटी वर्षं जुन्या लाव्हात २००३ मध्ये पन्नासपट सापडलं आणि २०२३ मध्ये त्याच बेटावर सत्तरच्या जवळ.

१९९६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लोइहीखाली चार हजारांवर भूकंप झाले, माथ्याचा एक भाग खचून मोठा खड्डा पडला. त्याआधी जिथे गरम पाण्याचे झरे तीसेक अंशांचे होते तिथे नंतर दोनशे अंशांच्या आसपासचं पाणी मिळालं. शास्त्रज्ञ पाणबुडीतून लगेच गेले आणि त्या पाण्यातले वायू गोळा केले. ज्वालामुखी जागा झाल्यावर त्याच्या वायूंची रचना कशी बदलते हे बघायची अशी संधी खोल समुद्रात फार थोड्या वेळा मिळाली आहे.

आता इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लोइहीचा स्रोत जर 'कमी वायू विकलेला' असेल तर तिथल्या काचेत हेलियम जास्त असायला हवं ना? प्रत्यक्षात उलटं. तिथल्या काचेत एकूण हेलियम मध्य-सागरी रांगांच्या काचेपेक्षा कमी निघतं. प्रमाण जास्त, मात्रा कमी. याला हेलियमचा विरोधाभास म्हणतात आणि यावर अनेक वर्षं वाद झाले. मला पटणारं उत्तर असं की प्लूमच्या मॅग्मात मुळात कार्बन डायऑक्साइड खूप, त्यामुळे बुडबुडे लवकर आणि जास्त होतात, आणि ते जाताना हेलियमला घेऊन जातात, आपल्या हाती काच येते तोवर बाटलीचं झाकण कधीच उडालेलं असतं. प्रमाण मात्र बदलत नाही कारण दोन्ही हेलियम जवळजवळ सारख्याच वेगाने जातात.

किती वायू उडाला हे शोधायला युक्ती आहे. हेलियम मॅग्मात आर्गॉनपेक्षा जास्त विरघळतं. म्हणजे वायू सुटायला लागला की आर्गॉन आधी पळतं, हेलियम थोडं मागे राहतं. मँटलमध्ये किरणोत्सर्गातून हेलियम-४ आणि आर्गॉन-४० (हे पोटॅशियमपासून होतं) कुठल्या प्रमाणात बनायला हवेत ते गणिताने माहीत आहे. काचेतलं प्रमाण त्यापेक्षा जितकं हेलियमकडे झुकलेलं तितका मॅग्मा जास्त वायू गमावून आलाय. पॉपिंग रॉकचं महत्त्व इथे कळतं, त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ मूळचंच आहे. म्हणजे ते जवळपास काहीच न गमावता वर आलेत, बाटली न उघडता.

प्रयोगशाळेत काम कसं चालतं तेही ऐका, मला ते फार आवडतं. काचेचे निवडक स्वच्छ तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली हाताने वेचतात. मग ते पोलादी नळीत, पूर्ण निर्वात केलेल्या, आणि आत एक पोलादी गोळा, बाहेरून चुंबकाने तो वर-खाली करत तुकडे चिरडतात. बुडबुडे फुटतात, वायू सुटतो. मग गरम धातूवर कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, पाणी सगळं शोषून घेतात, कारण ते धातूशी जोडले जातात पण हेलियम-निऑनसारखे निष्क्रिय वायू कोणाशीच जोडले जात नाहीत, तेच फक्त उरतात. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर, अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र. एक ग्रॅम काचेत हेलियम-३ चे अणू असतात फार तर काही अब्ज, ऐकायला खूप वाटतं पण त्या ग्रॅममध्ये एकूण अणू त्याच्या कित्येक लाख कोटी पटींनी जास्त. आणि यंत्रात हायड्रोजन-ड्यूटेरियमचा (ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन) रेणू हेलियम-३ च्या वजनाला इतका जवळ असतो की दोघांना वेगळं ओळखणं हीच अर्धी कसरत.

हेलियम सांगतं की दोन (निदान दोन) वेगळी घरं आहेत. ती वेगळी कधी झाली हे सांगतो झेनॉन, हेलियमसारखाच पण खूप जड असा निष्क्रिय वायू.

आयोडीन-१२९ नावाचा किरणोत्सर्गी अणू सूर्यमालेच्या सुरुवातीला होता. त्याचं अर्ध आयुष्य (निम्मे अणू मोडायला लागणारा काळ) फक्त एक कोटी सत्तावन्न लाख वर्षं, म्हणजे पहिल्या दहा कोटी वर्षांत तो व्यवहारात संपलाच, आणि मोडून झेनॉन-१२९ झाला. मँटलच्या दगडांत हवेच्या तुलनेत झेनॉन-१२९ जादा सापडतं. म्हणजे आयोडीन अजून जिवंत असतानाच मँटल आणि हवा वेगळे झालेले असणार, पृथ्वीच्या बारशाच्या वेळीच म्हणा ना. २०१२ मध्ये सुजय मुखोपाध्याय यांनी आइसलँडच्या एका काचेवर काम केलं, हा लाव्हा बर्फाच्या जाड थराखाली बाहेर आला होता म्हणून समुद्रासारखाच दाबाखाली गोठलेला. त्यात दिसलं की आइसलँडचा प्लूमचा स्रोत आणि मध्य-सागरी रांगांचा स्रोत यांच्यातलं झेनॉन ४४५ कोटी वर्षांपूर्वीच वेगळं पडलंय, आणि तेव्हापासून ते दोन्ही पूर्ण मिसळलेले नाहीत. मँटल एवढं वर्षानुवर्षं उकळत-फिरत असतं, प्लेट्स बुडतात, खांब वर येतात, तरी जन्माच्या वेळच्या दोन चुली अजून वेगळ्याच आहेत. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

निऑनचंही थोडं सांगतो. निऑन-२० आणि निऑन-२२ चं प्रमाण हवेत ९.८, सूर्याच्या वायूत साडेतेराच्या आसपास, आणि मँटलमध्ये मधे कुठेतरी, पण सूर्याच्या बाजूला झुकलेलं. म्हणजे पृथ्वीच्या पोटात सूर्याचा ढग अजून थोडा शिल्लक आहे, हवा मात्र वेगळ्या मार्गाने बनली. निऑन-झेनॉनची अडचण ही की हवा आणि समुद्राचं पाणी दगडाच्या बारीक भेगांतून आत शिरून गोंधळ घालतात, हेलियमला तो त्रास जवळजवळ नाही.

बरं, हेलियम काचेत सापडतं तसं पाण्यातही सापडतं. १९६९ मध्ये क्लार्क, बेग आणि क्रेग यांनी पॅसिफिकच्या खोल पाण्यात हेलियम-३ जादा असल्याचं दाखवलं, तोवर पृथ्वी अजून मूळचं हेलियम सोडतेय हे कोणी मोजून दाखवलेलं नव्हतं, आणि त्याच सुमाराला रशियन शास्त्रज्ञांना कुरील बेटांच्या ज्वालामुखी वायूंतही तेच दिसलं. मग १९८१ मध्ये ल्युप्टन आणि क्रेग यांनी पूर्व पॅसिफिकच्या पर्वतरांगेपासून पश्चिमेला पसरलेला हेलियम-३ चा पट्टा दाखवला, अडीच किलोमीटर खोलीवर, २,००० किलोमीटर लांब. दोन हजार किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोलकात्याच्या पुढे. पाण्याचा नमुना तांब्याच्या नळीत घेऊन दोन्ही टोकं जहाजावरच चेपून बंद करतात, कारण हेलियम काचेच्या बाटलीतूनही हळूहळू झिरपतं. समुद्रशास्त्रवाले आता हाच हेलियम वापरून खोल पाणी कुठून कुठे वाहतं ते शोधतात, त्यांच्यासाठी ती नदीत टाकलेल्या हळदीसारखी खूण झाली आहे.

सगळ्या महासागरांच्या तळातून मिळून वर्षाला किती हेलियम-३ बाहेर येतं? आधी हजार मोल (अणू-रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) म्हणायचे, आताचे अंदाज पाचशेच्या आसपास. पाचशे मोल हेलियम-३ म्हणजे वजनाने दीड किलो. फक्त दीड किलो, अख्ख्या पृथ्वीच्या समुद्रतळातून, अख्ख्या वर्षात. आणि ते दीड किलो मोजता येतं.

या दीड किलोवरून एक फार कामाचं गणित होतं. पॉपिंग रॉक आणि तशाच काचांत कार्बन डायऑक्साइड आणि हेलियम-३ यांचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं निघतं, एका हेलियम-३ मागे साधारण दोनशे कोटी कार्बन डायऑक्साइड. समुद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड थेट मोजणं अशक्यच, कारण पाण्यात तो आधीच भरपूर आहे. पण हेलियम-३ मोजता येतं, त्याला दोनशे कोटींनी गुणा. पाचशे मोल गुणिले दोनशे कोटी, म्हणजे एक लाख कोटी मोल, वजनात साधारण ४ कोटी ४० लाख टन कार्बन डायऑक्साइड दर वर्षी. मोठा आकडा वाटतो? माणूस कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतो. आठशेपटीहून जास्त. जमिनीवरचे सगळे ज्वालामुखी यात धरले तरी एकूण माणसाच्या शेकडा एक-दोनच्या आसपासच जातं. 'ज्वालामुखी आपल्यापेक्षा जास्त धूर सोडतात' असा फॉरवर्ड आला की मी हेच गणित लिहून पाठवतो, आणि पाठवत राहणार, कारण ते त्या दीड किलोवर पडताळलेलं आहे.

प्लेट जिथे बुडते तिथे हे प्रमाण बदलतं. मरियाना बेटांच्या रांगेत वायव्य एइफुकू म्हणून पाण्याखालचा ज्वालामुखी आहे, २००४ मध्ये १,६०० मीटर खोलीवर तिथे एक विलक्षण दृश्य दिसलं, तळातून कार्बन डायऑक्साइडचे थेंब वर येत होते. वायूचे बुडबुडे नव्हेत, द्रव थेंब. त्या दाबाला आणि त्या थंडीला कार्बन डायऑक्साइड द्रव होतो. थेंब एकमेकांना चिकटत नव्हते, कारण त्यांच्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून बर्फासारखा पातळ पापुद्रा बनत होता. आजूबाजूला त्या आम्लधर्मी पाण्यातही शिंपले जगत होते. तिथे हेलियमचं प्रमाण हवेच्या सातपटीच्या वर, म्हणजे मँटलचंच, पण कार्बन मात्र एका हेलियम-३ मागे कितीतरी पट जास्त. हा जादा कार्बन कुठला? बुडणाऱ्या प्लेटवर बसलेल्या चुनखडीचा, कधीकाळी समुद्रातल्या जीवांनी बनवलेल्या शंख-कवचांचा. हेलियम एका घरचं आणि कार्बन दुसऱ्या घरचा, एकाच थेंबात.

आपल्या दख्खनकडे परत येतो, कारण तिथे खरा दुवा आहे. मी वर म्हटलं की सह्याद्रीच्या लाव्हातून वायू केव्हाच गेला. पण काही स्फटिक, ऑलिव्हिन आणि पायरॉक्झिन, मॅग्मात खोलवरच वाढतात आणि वाढताना अगदी बारीक बुडबुडे पोटात घेऊन बसतात. १९९३ मध्ये आशिष बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थानात मुंडवारा आणि सरनू-दंडाळी इथल्या खडकांतले असे स्फटिक तपासले, दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्या थोडं आधीचे, साडेसहा कोटी वर्षांहून जुने. हेलियमचं प्रमाण आलं हवेच्या जवळजवळ चौदा पट. आठ नाही, चौदा. आणि आज हिंदी महासागरात रियुनियन बेटावर, ज्या हॉटस्पॉटने दख्खन बनवला असं मानतात तिथे, प्रमाण बारा ते चौदाच्या आसपास आहे. भारत उत्तरेला सरकत आला, मधे लक्षद्वीप-मालदीवची रांग उमटत गेली, साडेसहा कोटी वर्षं उलटली, आणि खालच्या चुलीने आपली सही बदललेली नाही. रायगडाच्या पायऱ्या चढताना ज्या काळ्या दगडावर आपण पाय ठेवतो त्याचं मूळ कुठल्या खोलीत असू शकतं हे त्या चौदाच्या आकड्याने कळतं.

हिंदी महासागरात काम अजून खूप बाकी आहे. गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अरबी समुद्राच्या पलीकडच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवर अनेक वर्षं काम करते आहे. आणि मादागास्करजवळ मायोत बेटाच्या पूर्वेला मे २०१८ पासून भूकंप सुरू झाले, वर्षभराने मे २०१९ मध्ये जहाज गेलं तर साडेतीन किलोमीटर खोल तळावर ८२० मीटर उंचीचा नवा ज्वालामुखी उभा होता, जो आधीच्या नकाशात नव्हताच. एवढा डोंगर वर्षभरात झाला आणि वर कोणालाही दिसला नाही, फक्त जमीन हलत होती.

जास्त हेलियम-३ वालं घर नेमकं कुठे आहे यावर अजून भांडण मिटलेलं नाही. काहींचं म्हणणं मँटलच्या तळाशी आफ्रिकेखाली आणि पॅसिफिकखाली जे दोन प्रचंड ढीग भूकंपलहरींना दिसतात तिथे. काही म्हणतात त्याहून खाली, लोखंडाच्या गाभ्यात, आणि तिथून ते हळूहळू झिरपतं. बॅफिनच्या सत्तरच्या आकड्याने गाभ्याची बाजू वर आली, आणि २०२५ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाने हवाईच्या लाव्हात रुथेनियम या धातूची अशी खूण दाखवली जी गाभ्यातल्या धातूशी जुळते. मी स्वतः अजून दोन्ही बाजू वाचतोय.

आणि ते फुटणारे दगड? १९८५ चे दगड जाळं ओढून आणलेले, त्यामुळे ते तळावर नेमके कुठे, कुठल्या लाव्हाच्या कुठल्या टोकाला होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि जगभरची मँटलच्या कार्बनची गणितं तीस वर्षं त्या एका ढिगावर टेकलेली. काहींना शंका होती की ते बुडबुडे मूळचे नसून मॅग्मात वर वर साठत गेलेले असावेत. म्हणून २०१६ मध्ये अटलांटिस जहाज पुन्हा त्याच जागी गेलं. आधी स्वयंचलित यानाने तळाचा बारीक नकाशा केला, मग आल्विन पाणबुडीतून माणसं खाली उतरली आणि यांत्रिक हाताने उशी-लाव्हाचे तुकडे जागेवरून उचलले. वर आणल्यावर ते तसेच तडतडले, फक्त आता प्रत्येक दगडापुढे वहीत त्याची जागा आणि खोली लिहिलेली होती.